वाटाण्याचा वेल आणि ‘पिस्तुल्या’

धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा रुजतो, कोंब वर येतो, त्याचा वेल होतो, एवढाच त्याचा विषय. लांबी मिनिटभराच्या आसपास. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांच्यामार्फत त्यांची इंग्रज चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी ओळख झाली आणि त्यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओतले सगळे विभाग फिरून पाहायला मिळाले. पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेऊन, कच्ची फिल्म आणि तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवून 1 एप्रिलला ते परतले. सामान मे महिन्यात मुंबईला पोचले. यंत्रे होती, पण कथापट काढायला भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी हा वाटाण्याचा लघुपट केला आणि निवडक लोकांना दाखवला. तो पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. पुढे 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

‘अंकुराची वाढ’ आज पाहायला मिळत नाही. त्याची हकीकत तेवढी उरली आहे. तरीही चित्रपटाचे तंत्र शिकणाऱ्याने पहिला धडा इथेच गिरवावा, असे एक मत आहे. दुसरे मत असे की, दिग्दर्शक घडतो कसा हे कळायला कुंडीतला वेल पुरेसा नाही. त्यासाठी माणसांवरचा लघुपट हवा आणि मराठीत त्याचे ठळक उदाहरण म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागातल्या पुढील संवादात ही दोन्ही मते समोरासमोर येतात. एक बाजू फिल्म रोलच्या काळापासून स्टुडिओ चालवणाऱ्या छायाचित्रकाराची आहे. दुसरी त्याच्या मित्राच्या मुलीची. ती नाट्यशास्त्र शिकते आणि तिला स्वतःचा पहिला लघुपट करायचा आहे.

छायाचित्रकार : फाळक्यांनी वाटाणाच का घेतला, इथून सुरुवात कर. पैसेवाल्याला नाटकातला प्रवेश दाखवला असता, तर तो म्हणाला असता, हे तर आम्ही रोज थेटरात बघतो. रस्त्यावरची वर्दळ दाखवली असती, तर विलायती पट्ट्यांत तीही त्यानं पाहिलेलीच. दाण्याचा वेल होताना मात्र कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. ते कॅमेऱ्यालाच जमतं. लहान फिल्म करायची, तर अशी गोष्ट निवडावी.

विद्यार्थिनी : पण काका, युक्ती त्यांची नव्हती. पर्सी स्मिथचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ 1910 चा. त्याच्याही आधी विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं रोपांची वाढ अशीच टिपली होती.

छायाचित्रकार : युक्ती जुनी असू दे की. दुसऱ्यानं केलेलं बघणं निराळं आणि चार दिवसांपूर्वी खोक्यातून काढलेल्या कॅमेऱ्यावर ते आपल्या हातानं जमवणं निराळं. सावकारानं जे बघितलं ते हेच, की या माणसाला यंत्र वळतं.

त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हँडलच्या एका फेऱ्यात साधारण आठ फ्रेम टिपल्या जात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा फ्रेम. पडदाही साधारण त्याच वेगाने चाले. संथ वाढ वेगाने दाखवायची, तर टिपताना एकेक फ्रेम अंतराअंतराने घ्यायची आणि दाखवताना नेहमीच्या वेगाने चालवायची. आज याला टाइमलॅप्स म्हणतात. फाळक्यांनी महिनाभराहून अधिक काळ रोज एक फ्रेम घेतली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. विद्यार्थिनीने बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर त्याचा हिशेब मांडला.

विद्यार्थिनी : तीस दिवसांच्या तीस फ्रेम. सेकंदाला सोळा धरल्या तर दोन सेकंदसुद्धा भरत नाहीत. पट्टी मिनिटभराची म्हणजे साठ गुणिले सोळा, नऊशे साठ फ्रेम. मग महिन्यात रोज बत्तीस व्हायला हव्यात.

छायाचित्रकार : उजेड बारा तासांचा धर.

विद्यार्थिनी : सातशे वीस मिनिटं भागिले बत्तीस. साडेबावीस मिनिटांनी एक.

छायाचित्रकार : बघ, ‘रोज एक’ हे सांगायला सोपं म्हणून तोंडोतोंडी चालत आलं असणार. नाहीतर एकच फ्रेम पुन्हा पुन्हा छापून लांबी वाढवलेली असणार, पण तसं केलं की वेल धक्के खात वाढतो. पट्टी खरंच मिनिटाची असेल आणि वाढ सलग दिसत असेल, तर दिवसभर दर वीस-बावीस मिनिटांनी कुणीतरी कॅमेऱ्याशी आलेलं आहे.

विद्यार्थिनी : कुणीतरी म्हणजे घरातलंच ना! फाळके भांडवलाच्या मागे, गाठीभेटींवर. मला त्या लघुपटातला हा भाग जास्त शिकण्यासारखा वाटतो.

या तर्काला पुरावा नाही. मात्र फाळक्यांनी फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम घरच्यांना शिकवले होते, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके हे काम पुढे वर्षानुवर्षे करत होत्या, हे नक्की आहे. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला एक-दोन ओळी येतात. त्यांच्या कामाचे मोल समजायला छिद्रांचा हिशेब पाहावा लागतो. कच्ची फिल्म कोरी, छिद्रांशिवाय येई. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असतात. फूटभर फिल्ममध्ये सोळा फ्रेम, म्हणून मिनिटभराच्या पट्टीला साठ फूट फिल्म आणि सात हजार सहाशे ऐंशी छिद्रे लागतात. हे सगळे अंधारात, हातयंत्रावर.

छायाचित्रकार : आणि छिद्र केसभर जरी सरकलं, तरी पडद्यावर चित्र उडतं. माणूस चालत असला तर ते खपून जातं. इथं समोर कुंडी आहे. कुंडी हलायची वस्तूच नव्हे. ती मिनिटभर जागची हलली नाही, तर छिद्रं बरोबर, कॅमेऱ्याचे पाय घट्ट, हँडल फिरवणारा हात हलका, सगळंच बरोबर. बघणारे वेलाकडे बघतात. मी असतो तर कुंडीच्या काठाकडे बघितलं असतं.

छायाचित्रकाराचा हा मुद्दा खास तंत्रज्ञाचा आहे, आणि तो फार मोलाचा आहे. सुरुवातीचा लघुपट पाहताना नवशिके जे घडते त्याकडे बघतात. जे स्थिर राहिले आहे ते तसे ठेवायला काय करावे लागले, हा प्रश्न विचारला की तंत्र उलगडू लागते. प्रकाशाचेही तसेच आहे. हँडलने एकच फ्रेम घेताना हात कधी भरभर फिरतो, कधी सावकाश, आणि तेवढ्या फरकाने फ्रेम उजळ किंवा काळपट होते. सकाळचे ऊन, दुपारचे ऊन, मध्येच आलेला ढग, सगळे त्यात उतरते. पडद्यावर मग चित्र लुकलुकते.

हाच दोष आजच्या फोनमध्येही आहे, फक्त कारण वेगळे. फोन दर फ्रेमला उजेड मोजतो आणि एक्सपोजर आपोआप बदलतो. म्हणून हा लघुपट पुन्हा करून पाहायचा, तर पहिली गोष्ट म्हणजे एक्सपोजर आणि फोकस कुलूपबंद करणे. छायाचित्रकाराने विद्यार्थिनीला सुचवलेला सराव असा होता: गारखेड्यातल्याच तिच्या घरी, उत्तरेकडच्या खिडकीशी, म्हणजे जिथे थेट ऊन फारसे येत नाही आणि कुंडीची सावली भिंतीवर फिरत नाही अशा जागी कुंडी ठेवायची. वाटाणा थंडीचा, संभाजीनगरच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो मान टाकतो, म्हणून चवळी घ्यायची. ट्रायपॉडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे झाडूचा धक्का लागला तरी पाय परत जागेवर बसवता येतात. दर दहा मिनिटांनी एक फ्रेम घेतली की दहा दिवसांत चौदाशे चाळीस फ्रेम होतात, आणि सेकंदाला चोवीसच्या वेगाने त्यांचे बरोबर मिनिट भरते.

विद्यार्थिनी : रात्री?

छायाचित्रकार : रात्री त्याच बाजूनं एक दिवा. नाहीतर दर दिवसाला एक काळा पट्टा मारल्यासारखं दिसेल. आमच्याकडं लाइट गेली की तेवढ्या फ्रेम अंधारात जाणार, त्या एडिटिंगमध्ये काढ. फोन चार्जिंगवर लावून ठेवशील तर उन्हाळ्यात तापून बंद पडतो, त्याच्यामागं जागा मोकळी ठेव. पाणी कुंडी न उचलता, पिचकारीनं. आणि फ्रेममध्ये वर जागा सोड. पहिल्या दिवशी ती रिकामी दिसते, म्हणून नवी पोरं कॅमेरा जवळ घेतात. सातव्या दिवशी रोप फ्रेमच्या बाहेर.

वरची रिकामी जागा ही साधी सूचना वाटते, पण दिग्दर्शनाचा गाभा तिच्यात आहे. फ्रेम आजच्या चित्रासाठी लावायची नसते. शॉटच्या शेवटी तिथे काय येणार आहे त्यासाठी लावायची असते. चवळीचा कोंब वाकून, दोन्ही डाळिंब्या ओढत मातीबाहेर येतो, मग सरळ होतो, समोरासमोरची दोन साधी पाने उघडतात, आणि त्यानंतर तीन पर्णिकांचे पान येते. वाटाण्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात. याचा अर्थ फाळक्यांच्या पट्टीची सुरुवात वेगळी दिसली असणार: माती फुटते आणि एकदम हिरवा कोंब. रोप उजेडाकडे झुकते, तेव्हा खिडकी डावीकडे असेल तर ते डावीकडे जाणार, आणि फ्रेममध्ये कुंडी थोडी उजवीकडे घ्यावी लागणार. पात्र कोणत्या बाजूला जाणार हे आधी ओळखून कॅमेरा लावणे हा ब्लॉकिंगचाच भाग. तिथवर विद्यार्थिनीचा विरोध नव्हता. तो पुढे सुरू झाला.

विद्यार्थिनी : काका, हे सगळं पटलं. पण चवळी नकार देत नाही. ती थकत नाही, लाजत नाही, कॅमेरा पाहून वेगळी वागत नाही. माझ्या लघुपटात माणसं आहेत. त्यासाठी मला ‘पिस्तुल्या’ बघावा लागतो.

‘पिस्तुल्या’ हा पंधरा मिनिटांच्या आसपासचा लघुपट नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन शिकत असताना अभ्यासाचा भाग म्हणून केला. शाळेत जाण्याची ओढ असलेल्या, पण परिस्थितीने शाळेबाहेर ठेवलेल्या पारधी मुलाची ती गोष्ट. मुख्य भूमिकेतला सूरज पवार तेव्हा कॅमेऱ्याला अनोळखी होता. 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नॉन-फीचर विभागातील पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार या लघुपटाला मिळाला.

विद्यार्थिनी : करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस. मराठीत एम. ए. केलेला, कविता लिहिणारा. महागडा कॅमेरा नाही, नावाजलेला नट नाही. पण कुणाला कॅमेऱ्यासमोर उभं करायचं हे त्याचं ठरलेलं होतं. सूरज पवार पुढे मंजुळेंच्याच ‘फँड्री’त पिऱ्या झाला, ‘सैराट’मध्ये प्रिन्स झाला. ‘फँड्री’त पुन्हा शाळा आहे, आणि शाळेच्या कुंपणाशी उभा केलेला मुलगा आहे. दिग्दर्शकाचं काय ठरलेलं असतं, ते पहिल्याच लघुपटात दिसतं. हे तुमच्या कुंडीत कुठं दिसतं?

छायाचित्रकार : तू उलटं वाचायलीस. ‘फँड्री’ बघितल्यावर ‘पिस्तुल्या’ लावला की त्याच्यात जागोजागी ‘फँड्री’च दिसणार. ‘सैराट’ चालला नसता, तर हीच पंधरा मिनिटं तू कोणत्या नजरेनं बघितली असती? पुरस्कार विसरून बघ. मग सांग, कॅमेरा कुठं ठेवलाय, शॉट कुठं तोडलाय, पोराला संवाद किती दिलेत.

हा आक्षेप बरोबर आहे आणि लघुपटाच्या अभ्यासात तो सर्वांत आधी यायला हवा. पुढचे यश माहीत असताना पहिल्या कामातली प्रत्येक गोष्ट हेतुपूर्वक केलेली वाटते. अडचणीतून झालेली तडजोडही शैली ठरते. यावर उपाय कागद-पेनाचा आहे. लघुपट एकदा सलग पाहायचा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहायचा आणि प्रत्येक शॉट लिहून काढायचा: फ्रेममध्ये कोण, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर की मोठ्या माणसाच्या, शॉट किती सेकंदांचा, तो कशावर कापला. तिसऱ्यांदा चित्र झाकून फक्त ऐकायचे. पंधरा मिनिटांच्या लघुपटाला हे काम दोन संध्याकाळी पुरते आणि त्या वहीतून जे हाती येते ते कोणत्याही मुलाखतीत मिळत नाही.

चित्र झाकून ऐकण्याचा सराव करायला आणखी चांगला नमुना म्हणजे उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना केलेल्या या लघुपटात पोटापाण्यासाठी आई पिठाची गिरणी विकत घेते, ती घरातच बसवली जाते, आणि तिच्या घरघरीने मुलाचे जगणे व्यापून जाते. इथे आवाज हेच पात्र आहे. घर लहान, त्यामुळे आवाजापासून दूर जायला जागा नाही. ही अडचण मुलाला संवादातून सांगावी लागत नाही. पुढे ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ करणाऱ्या दिग्दर्शकाने आवाजाकडे इतक्या लवकर गांभीर्याने पाहिले होते, हे नव्याने लघुपट करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. नवख्यांच्या पहिल्या कामात बहुधा आवाजच सर्वांत कच्चा असतो.

विद्यार्थिनी : म्हणजे आवाजातही तुम्ही तंत्रच शोधता.

छायाचित्रकार : तूच सांग, ‘सैराट’च्या शेवटी लहान पोराची पावलं दिसतात, तेव्हा आवाज काढून घेतलाय. तो निर्णय भावनेचा की तंत्राचा?

विद्यार्थिनी : दोन्हींचा. पण आधी त्या पोराचं काय होणार याची काळजी वाटायला पाहिजे. नुसता आवाज काढून घेतला तर प्रेक्षकाला वाटेल, स्पीकर बिघडला.

छायाचित्रकार : हे मान्य.

इथे छायाचित्रकाराने मान्य केले ते थोडे नाही. तंत्र प्रेक्षकाच्या मनात आधी काहीतरी रुजलेले असेल तरच काम करते, आणि ते रुजवायला माणसे ओळखावी लागतात. दुसऱ्या बाजूने, फाळक्यांच्या उदाहरणात तंत्र पुढेही साथ देत राहिले, हे विद्यार्थिनीला नाकारता आले नाही. एकेक फ्रेम टिपून निर्जीव वस्तूंना हालचाल देण्याची रीत ‘आगकाड्यांची मौज’ या त्यांच्या लघुपटात पुन्हा आली. ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’मधले चमत्कार कॅमेऱ्यावरच्या अशाच हातोटीवर उभे आहेत. ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला तर त्यांनी मुलगी मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक दाखवले आहेत, म्हणजे कुंडी टिपणाऱ्या माणसाचा कॅमेरा सात वर्षांत चेहऱ्यापर्यंत पोचला होता. आणि 1917 साली चित्रपट कसा तयार होतो यावरच त्यांनी एक लघुपट केला. एका पिढीने शिकलेले दुसऱ्या पिढीला उघडपणे दाखवावे, ही त्यांची वृत्ती त्यातून दिसते. तिचे महत्त्व ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या भारतीय कथापटाइतकेच आहे.

विद्यार्थिनीचा स्वतःचा विषय गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या एका शाळकरी मुलीचा आहे. त्यावर दोघांचे बोलणे नेमके झाले.

छायाचित्रकार : पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊ नको. मैदानावर उजेड कुठून येतो, किती वाजता येतो, ते बघ. दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड ने, पण शूट करू नको. पोरीला त्या तीन पायांची सवय होऊ दे.

विद्यार्थिनी : आधी तिच्या आई-वडिलांना भेटणार आहे. काय करायचंय ते सांगून लेखी परवानगी घेणार. ते नको म्हणाले तर विषय बदलणार.

छायाचित्रकार : ते तर झालंच पाहिजे. शॉट किती?

विद्यार्थिनी : पाच मिनिटांत वीस.

छायाचित्रकार : बारा कर. फाळक्यांकडं एकच होता.

विद्यार्थिनी : त्यांची चवळी धावत नव्हती, काका. आणि चवळी नव्हे, वाटाणा.

छायाचित्रकार : पंधरा. आणि तयार झाल्यावर पहिल्यांदा कुणाला दाखवणार?

विद्यार्थिनी : त्या मुलीला. मग तिच्या घरच्यांना. मग तुम्हाला.

फाळक्यांनी पहिला लघुपट पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवला, कारण त्यांची गरज ती होती. विद्यार्थिनीचा क्रम वेगळा आहे, कारण तिच्या पडद्यावर कुंडी नाही, शेजारच्या वस्तीतली ओळखीची मुलगी आहे. दोन्ही सराव एकाच पंधरवड्यात बसतात. चवळी खिडकीशी दहा दिवस दर दहा मिनिटांनी टिपली जाते, तिला दिवसातून एकदा पाणी आणि एकदा फ्रेमची तपासणी एवढेच लागते. मैदानावरचे काम पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळेत होते, कारण त्यानंतर ऊन चढत जाते आणि चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पहिले तीन दिवस नुसते पाहण्याचे, पुढचे पाच शूटिंगचे, उरलेले एडिटिंगचे. आवाज मैदानावरच, पण वेगळा ध्वनिमुद्रित करायचा: बुटांचा, श्वासाचा, शिट्टीचा, आणि मैदान रिकामे असतानाचा किमान एक मिनिट.